जावा वेब ॲप्लिकेशनसाठी सिक्युरिटी फ्रेमवर्क: स्प्रिंग सिक्युरिटी, शिरो की जकार्ता?

धागाकर्ता

नव्या ॲप्लिकेशनसाठी सिक्युरिटी फ्रेमवर्क (लॉगिन आणि परवानग्या तपासणारा तयार कोड) निवडताना शिकायला किती वेळ लागेल आणि कोड किती लिहावा लागेल, याच प्रश्नांभोवती चर्चा फिरते. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असायला हवा: एखादा नियम लिहायचा राहून गेला, तर फ्रेमवर्क काय करते? स्प्रिंग बूटच्या (स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कवर ॲप्लिकेशन झटपट उभारण्याच्या साधनाच्या) प्रकल्पात स्प्रिंग सिक्युरिटी नुसती जोडली तरी सर्व यूआरएल लॉगिनशिवाय बंद होतात, आणि आजच्या पद्धतीने नियम लिहिले असतील तर कोणत्याच नियमात न बसणारी विनंती नाकारली जाते. अपाचे शिरोमध्ये नेमके उलट घडते. ज्या यूआरएलला यादीतील एकही नियम लागू होत नाही, तिची विनंती सरळ पुढे जाते. सर्वांना अडवणारी ओळ यादीच्या शेवटी आपणच आठवणीने लिहावी लागते. सीएसआरएफपासूनचे (लॉगिन केलेल्या माणसाच्या नावाने दुसऱ्या साइटने गुपचूप विनंती पाठवण्यापासूनचे) संरक्षण स्प्रिंग सिक्युरिटीच्या जावा कॉन्फिगरेशनमध्ये २०१३ च्या ३.२ आवृत्तीपासून आपोआप चालू असते, तर शिरोमध्ये ते मुळातच नाही. विसरणे ही नेहमीची गोष्ट आहे असे मानूनच निवड करायची, तर नव्या कामासाठी मी स्प्रिंग सिक्युरिटीच घेईन.

प्रतिसाद १

मी असहमत आहे. जे संपूर्ण वाचून समजते तेच तपासता येते. शिरोमध्ये सब्जेक्ट (ॲप्लिकेशन वापरणारा), रिअल्म (वापरकर्त्यांची माहिती जिथून येते तो स्रोत) आणि सिक्युरिटी मॅनेजर (हे सगळे सांभाळणारा भाग) या तीन कल्पना समजल्या की संपूर्ण मांडणी एका आयएनआय (साध्या मजकुरातील सेटिंगच्या) फाइलमध्ये दिसते, आणि कोणत्या यूआरएलला कोणता फिल्टर (विनंती तपासणारा टप्पा) लागतो हे नवा सहकारीही वाचून सांगू शकतो. स्प्रिंग सिक्युरिटीमध्ये मात्र फिल्टरांची लांबलचक साखळी असते, तिचा क्रम महत्त्वाचा असतो, आणि एकापेक्षा अधिक साखळ्या लिहिल्या व एखादी यूआरएल त्यांपैकी एकीतही बसली नाही, तर ती विनंती संरक्षणाशिवायच पुढे जाते. म्हणजे धागाकर्त्यांचा ‘विसरलो तरी बंद’ हा दावा तिथे टिकत नाही. शिवाय स्प्रिंग सिक्युरिटीच्या कॉन्फिगरेशनचा जुना ॲडॉप्टर वर्ग (ज्याच्या आधाराने नियम लिहिले जात) ५.७ मध्ये कालबाह्य ठरवला गेला आणि ६.० मध्ये काढूनच टाकला. दोन्ही २०२२ मध्येच. त्यामुळे जुनी उदाहरणे पाहून काम करणारा माणूस अडतो, आणि अडला की सीएसआरएफ बंद करणारी ओळ चिकटवून मोकळा होतो. न समजलेले संरक्षण असेच निकामी होते.

धागाकर्ता

अनेक साखळ्यांचा मुद्दा रास्त आहे. सर्व यूआरएल कवेत घेणारी शेवटची साखळी लिहिलीच पाहिजे. मात्र आयएनआय फाइल वाचता आली म्हणजे शिरो समजले, हे मला पटत नाही. २०१६ मध्ये उघड झालेली त्रुटी पाहा. ‘मला लक्षात ठेवा’ या कुकीसाठीची कूटकिल्ली शिरोच्या कोडमध्येच लिहिलेली होती, आणि ती न बदलणाऱ्या प्रत्येकाकडे तीच असायची. ती माहीत असलेला कोणीही हवा तो सिरियलाइझ केलेला (बाइट्समध्ये रूपांतरित) ऑब्जेक्ट कुकीतून पाठवून सर्व्हरवर कोड चालवू शकत होता. १.२.५ मध्ये किल्ली सुरुवातीलाच यादृच्छिकपणे तयार होऊ लागली. त्या आधी ज्यांनी फाइल काळजीपूर्वक वाचली, त्यांनाही हे दिसले नसते, कारण दोष न लिहिलेल्या ओळीत होता. पुढे २०२० मध्ये शिरो आणि स्प्रिंग एकच पथ वेगवेगळ्या रीतीने वाचतात, यातून लॉगिन टाळण्याच्या एकामागून एक त्रुटी निघाल्या.

प्रतिसाद २

तुलना एकतर्फी होऊ नये म्हणून सांगतो: २०२२ मध्ये स्प्रिंग सिक्युरिटीतही रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकूर जुळवण्याच्या नमुन्याने) यूआरएल जुळवणाऱ्या वर्गात तपासणी चुकवता येण्याची त्रुटी सापडली होती. २०२० आणि २०२२ च्या या घटनांचे मूळ एकच आहे, ते म्हणजे सगळी भिस्त यूआरएल जुळण्यावर ठेवणे. सेवेच्या मेथडवरही ॲनोटेशनने (कोडवर लावलेल्या खुणेने) परवानगी तपासावी. ती सोय दोन्हींकडे आहे. आणि त्यापुढचा प्रश्न या धाग्यात अजून आलेलाच नाही. ओवॅस्प या वेब-सुरक्षा संस्थेच्या धोक्यांच्या २०२१ च्या यादीत पहिल्या क्रमांकावर आहे तो सदोष प्रवेश-नियंत्रणाचा धोका, आणि त्याचे नेहमीचे रूप म्हणजे लॉगिन केलेल्या माणसाने यूआरएलमधील क्रमांक बदलून दुसऱ्याची नोंद पाहणे. ही नोंद कोणाची, हे कोणतेही फ्रेमवर्क स्वतःहून ओळखत नाही. ती अट क्वेरीत किंवा सेवेत आपल्यालाच घालावी लागते, मग वर स्प्रिंग असो वा शिरो.

प्रतिसाद ३

पयारा, वाइल्डफ्लाय किंवा ओपन लिबर्टी या ॲप्लिकेशन सर्व्हरांवर आधीच चालणाऱ्या ॲप्लिकेशनने जकार्ता सिक्युरिटी जरूर पाहावी. २०१७ च्या जावा ईई ८ (सर्व्हरवरील जावाच्या प्रमाणांचा संच, आता जकार्ता ईई) मध्ये हे प्रमाण आले आणि २०२२ च्या जकार्ता ईई १० मध्ये ओपनआयडी कनेक्टची (बाहेरच्या सेवेच्या खात्याने लॉगिन करण्याच्या पद्धतीची) भर पडली. सारा विचार भूमिकांभोवती असल्याने सूक्ष्म परवानग्या मात्र स्वतः बांधाव्या लागतात.

प्रतिसाद १

नोंदीच्या मालकीचा मुद्दा मान्य, आणि २०१६ च्या त्रुटीचे समर्थन मी करणार नाही. तरीही ज्या ॲप्लिकेशनमध्ये स्प्रिंगचा एकही भाग नाही, त्यात केवळ सुरक्षेसाठी स्प्रिंग आणणे मला अनाठायी वाटते; नवा प्रत्येक भाग अद्ययावत ठेवण्याची जबाबदारीही सोबत येते. साध्या सर्व्हलेट (वेब-विनंत्या हाताळणारे जावा वर्ग) ॲप्लिकेशनसाठी मी शिरोची २.० किंवा पुढची आवृत्तीच घेईन, शेवटी सर्वांना अडवणारी ओळ लिहीन, आणि लॉगिन न करता प्रत्येक यूआरएल मागून नकारच मिळतो ना, हे तपासणारी चाचणी प्रत्येक बिल्डमध्ये चालवीन. ही चाचणी स्प्रिंग सिक्युरिटी वापरणाऱ्यांनाही टाळता येणार नाही, एवढे धागाकर्त्यांनी मान्य करावे.