गॅलरीतली माणसं मैदानाबाहेर काय करतात? आपापल्या तालमीचे अनुभव लिहा

कोल्हापुरात फुटबॉलचा संघ कुणा कंपनीचा नसतो, पेठेचा असतो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, संध्यामठ, फुलेवाडी, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ. यातली बरीच नावं आधी तालमीची, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याची, आणि मग फुटबॉलची. थंडी पडली की शाहू स्टेडियमवर केएसएचा (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा) हंगाम सुरू होतो. वरिष्ठ गटातल्या १६ संघांची साखळी संपली की चषकांच्या स्पर्धा पार उन्हाळ्यापर्यंत चालतात. कुणी किती गोल मारले ते इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं, ते नका सांगू. हीच माणसं शिट्टी वाजल्यावर, घरी गेल्यावर, वाईट दिवसात एकमेकांसाठी काय करतात ते सांगा. वाईट अनुभव असेल तर तोही लिहा, फक्त कुठल्या मंडळाचं नाव घेऊन चिखलफेक नको.

सुरुवात मी करते. माझे वडील आयुष्यभर एकाच तालमीचे. ते पहाटे गेले. आम्ही नातेवाइकांना फोन लावत होतो तोवर कोपऱ्यावरच्या फलकावर खडूनं नाव आणि अंत्ययात्रेची वेळ लिहून झाली होती. सामान कुणी आणलं, ताडपत्री कुणी बांधली, मला आजही नीट सांगता येणार नाही. तालमीतल्या पोरांनी आईला फक्त एवढंच विचारलं, "काकू, पावण्यांच्या चहाचं बघू का आम्ही?" त्या दिवशी संघाची मॅच होती. पोरं पंचगंगेवरून थेट स्टेडियमवर गेली आणि दंडाला काळ्या फिती बांधून खेळली. रक्षाविसर्जनाची वेळही त्याच फलकावर लागली. मोठ्या शहरात राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला हे सगळं बघून फार नवल वाटलं होतं. तिच्या इमारतीत शेजारी कोण राहतं हे तिला माहीत नव्हतं.

शिवाजी पेठ, निवृत्त एसटी कर्मचारी

२०१९ च्या ऑगस्टचं सांगतो. पंचगंगा अशी चढली की चिखली, आंबेवाडी पाण्यात गेली. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि शहर तुटलं. दूध नाही, पेट्रोल नाही. आमच्या तालमीत मॅट गुंडाळून भिंतीला लावली आणि पिठाची पोती उतरवली. पेठेतल्या बायका पाळी लावून चपात्या लाटायच्या, पोरं कागदात बांधायची, चार चपात्या, चटणी आणि सुकी भाजी. ज्या फळ्यावर मॅचच्या वेळा लागायच्या, त्यावर गावांची नावं आली. कुठं किती पाकिटं गेली, कुठं लहान लेकरं आहेत, कुणाला बीपीची गोळी पाहिजे.

मला सांगायचंय ते वेगळंच आहे. आमचं आणि मंगळवार पेठेचं मैदानावर कसं असतंय ते सगळ्यांना म्हाईत हाय. त्या आठवड्यात आमचा टेम्पो डिझेलविना उभा राहिला. निरोप कुणी दिला कुणास ठाऊक, रात्री त्यांच्याकडची पोरं कॅन घेऊन आली. कुणी कुणाला काही विचारलं नाही. त्यातल्या एकाला मी ओळखलं. गॅलरीत समोरच्या बाजूला ढोल बडवणारा पोरगा! दुसऱ्या दिवशी दोन्हीकडची पोरं एकाच ट्रॅक्टरवर गेली. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा कुणाला बोलवायची गरज पडली नाही, फोन नंबर सगळ्यांकडं होतेच.

कॉलेज विद्यार्थी, रंकाळा परिसर

आमचा ग्रुप मॅचच्या वेळा कळवायला काढला होता. आता त्यावर निम्मे मेसेज 'सीपीआरला (सरकारी दवाखान्यात) ओ निगेटिव्ह पाहिजे' असे असतात. कोण कुठल्या संघाचा हे त्या वेळी कुणी बघत नाही. लै भारी वाटतं.

एका खेळाडूची आई

माझ्या मुलाच्या गुडघ्याचं लिगामेंट ऐन हंगामात गेलं. ऑपरेशनचा आकडा ऐकून ह्यांनी मटकन खुर्चीत बसूनच घेतलं. तालमीच्या जुन्या खेळाडूंनी पेठेत फिरून पैसे गोळा केले. एका रिक्षावाल्या दादांनी फिजिओथेरपीला न्यायचं काम स्वतःकडं घेतलं. ते गॅलरीत कायम पहिल्या रांगेत असतात म्हणे. भाडं विचारलं की म्हणायचे, "वैनी, पोरगं बरं होऊन एक गोल मारू दे, मिटलं."

त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. तरीही मनातलं बोलते. दरवेळी वर्गणीवर का अवलंबून राहायचं? चषकाला बक्षिसाची रक्कम मोठी, बाहेरच्या देशातनं खेळाडू आणायला पैसा उभा राहतो, मग पेठेतल्या पोरांचा विमा का होत नाही? माझा मुलगा नावाजलेला होता म्हणून लोक धावले. राखीव बाकावर बसणाऱ्या पोराचं काय?

(हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कुणाकडं उत्तर असेल तर जरूर लिहा. – धागाकर्ती)

वकील, मंगळवार पेठ

कडू बोलतो, पण बोललंच पाहिजे. दगडफेक झाली की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो आणि विषय संपतो असं लोकांना वाटतं. तो संपत नाही. व्हिडिओ बघून पोलीस पोरं उचलतात, गुन्हा दाखल होतो. पुढं भरतीला उभं राहिलं, पासपोर्ट काढायला गेलं की चारित्र्य पडताळणीत तेच वर येतं. माझ्याकडं अशी पोरं आईला घेऊन येतात. ज्यानं दगड मारला तो कधीच सापडलेला नसतो आणि शेजारी उभा असलेला तारखांना फिरत असतो.

बंदोबस्त वाढवून हे थांबेल असं मला वाटत नाही. आमच्याकडं एक गोष्ट लागू पडली. तालमीतली जुनी माणसं खुर्च्या सोडून गॅलरीत पोरांच्या मधोमध बसायला लागली. आबा शेजारी बसलेत म्हटल्यावर शिवी तोंडातल्या तोंडात राहते. पोलिसाला न ऐकणारं पोरगं आबांना ऐकतं, कारण उद्या सकाळी त्यांच्याच दारावरून जायचं असतं.

नोकरदार, राजारामपुरी

मी मैत्रिणींसोबत मॅच बघायला जाते. अंतिम सामन्याला बायका बऱ्याच दिसतात, एरवी तुरळक. आमच्याकडं बघून समोरच्या घोषणा बदलतात, म्हणजे जमतं त्यांना! स्वच्छतागृहाची सोय नीट झाली तर आणखी कितीतरी जणी येतील. आम्ही चपात्या लाटायला तालमीत चालतो, तर कार्यकारिणीत का नको? हे रागानं नाही, हक्कानं विचारते.

बर्लिनहून, मूळचा जुना बुधवार पेठेतला

इथं उनिओन बर्लिन नावाचा क्लब आहे. २००४ मध्ये लीगमध्ये खेळायच्या परवान्यासाठी पैसे कमी पडले तेव्हा समर्थकांनी रक्तदान करून मिळालेला मोबदला क्लबला दिला. पुढं २००८–०९ मध्ये स्टेडियमची दुरुस्ती करायला दोन हजारांहून जास्त समर्थक स्वतः फावडी घेऊन राबले. नाताळच्या दोन दिवस आधी, २३ डिसेंबरला, स्टेडियमवर गाणी म्हणायला सगळे जमतात. २००३ ला ८९ जणांनी सुरू केलं होतं, आता गॅलऱ्या भरतात. हे सांगताना माझे इथले सहकारी भारावतात. मी त्यांना गणपतीत आमच्या तालमीसमोर रात्री काय असतं ते सांगतो.

एक फरक मात्र जाणवला. इथं समर्थक सभासद असतात, त्यांना मत असतं, हिशोब त्यांच्यासमोर मांडला जातो. आपल्याकडं जीव लावणारे हजारो आणि सभासद मोजके. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तालमीचा खजिनदार, उपनगर

वरच्या ताईंच्या विम्याच्या प्रश्नाला. आम्ही यंदा गणपतीच्या वर्गणीतला एक भाग बाजूला काढून सगळ्या नोंदणीकृत खेळाडूंचा अपघात विमा उतरवलाय, राखीव बाकावरच्यांसकट. साउंड सिस्टीम एक दिवस कमी केली, पोरं थोडी कुरकुरली, पण झालं. खेळाडूचं आधार, वयाचा दाखला आणि वारसाचं नाव एवढी कागदं लागली. फॉर्म भरताना वारसाच्या रकान्यात जवळपास सगळ्यांनी आईचं नाव लिहिलं. कुणाला आमचा तक्ता पाहिजे असेल तर संध्याकाळी सातनंतर तालमीत या. कुठल्याही पेठेचे असा.