६५०२ तोट्यात विकला गेला नव्हता

मॉस टेक्नॉलॉजी या कंपनीने ६५०२ हा मायक्रोप्रोसेसर (संगणकाचा मेंदू असलेली चिप) तोटा सोसून २५ डॉलरला विकला असणार, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. १९७५ मध्ये इंटेलच्या ८०८० या मायक्रोप्रोसेसरची छापील किंमत ३६० डॉलर होती, म्हणून २५ डॉलरचा आकडा खोटा वाटतो खरा. पण स्वस्ताईचं मूळ कारखान्यात होतं. तेव्हा बहुतेक ठिकाणी मास्क (चिपची नक्षी असलेली काच) ज्या सिलिकॉनच्या चकतीवर चिप घडवतात तिला थेट टेकवत. तो लवकर खराब होई आणि बऱ्याच चिप वाया जात. मॉसमध्ये मास्क न टेकवता त्याची प्रतिमा चकतीवर पाडत, शिवाय मास्कमधले दोष दुरुस्त करण्याची हातोटी त्यांना साधली होती. त्यामुळे एका चकतीतून चालणाऱ्या चिप कितीतरी जास्त निघत.

६५०२ चे रचनाकार चक पेडल आणि सहकाऱ्यांनी चिपच्या आराखड्यातही काटकसर केली. मोटोरोलाच्या ६८०० या मायक्रोप्रोसेसरमध्ये दोन अ‍ॅक्युम्युलेटर (हिशेबातला आकडा ठेवायची चिपमधली जागा), इथे एकच. ती उणीव झीरो पेजने भरून काढली: मेमरीतल्या पहिल्या २५६ बाइटना एका बाइटचा पत्ता पुरतो, म्हणजे ती जवळजवळ रजिस्टरंच (चिपच्या आतल्या झटपट वापरायच्या जागा) झाली. मला ही कल्पना आजही फार देखणी वाटते. ऐंशीच्या दशकात क्लास या शालेय संगणक-शिक्षण प्रकल्पातून आपल्या शाळांत आलेल्या बीबीसी मायक्रो या संगणकामध्येही ६५०२ च होता.