मदत हवी आहे : सापळ्यात माशा भरपूर, तरी शिराळी-कारली किडतात

संगमेश्वर तालुक्यात घरामागे सहा-सात गुंठ्यांचा मांडव आहे. शिराळी ‘कोकण हरिता’, कारली ‘कोकण तारा’, कडेला थोडं पडवळ. गणपतीच्या बाजाराला माल निघावा म्हणून मृगात बी टाकलं. वेल जोरात आहेत, पण श्रावण लागल्यापासून निम्मी फळं वाकडी होऊन पिवळी पडतायत. कापलं की आत पांढऱ्या अळ्या. शिराळी तर बोटभर असतानाच गळते.

आंब्याच्या कलमांत फळमाशीसाठी लावतो तेच रक्षक सापळे आणून मांडवात टांगलेत. माशा भरपूर पडतात, किडकी फळं मात्र कमी होत नाहीत. फवारणी शक्यतो सुचवू नका. सकाळी मारलेलं औषध दुपारच्या सरीत धुऊन जातं, आणि दिवसाआड तोडा असतो, घरातही तीच भाजी शिजते. दुसरं काय करता येईल?

प्रतिसाद :
आंब्याच्या सापळ्यात मिथाईल युजेनॉल हे वासाचं आमिष असतं. त्यावर आंबा-पेरूच्या माशीचे नर येतात. वेलभाज्यांची माशी वेगळी, तिचे नर क्यू ल्यूर या दुसऱ्या आमिषावर येतात. मेलेल्या माशा कागदावर ओतून पंख बघा. वेलावरच्या माशीच्या पंखांना टोकाकडे तपकिरी ठिपके-पट्टे असतात आणि अंग पिवळट तांबूस. पंख स्वच्छ आणि पाठ काळपट असेल तर तुम्ही शेजारच्या पेरूची राखण करताय!

प्रतिसाद :
वरच्यांशी सहमत, पण क्यू ल्यूरवरही नरच येणार. आधीच फळलेली मादी अंडी घालतच राहते, म्हणून नुसत्या सापळ्यावर विसंबू नका. खरी मेख गळलेल्या फळात आहे. अळी फळातून बाहेर पडून मातीत कोष करते आणि तिथूनच पुढची पिढी उठते. किडकी फळं रोज वेचा, वेलावरची सुद्धा. ती गायरीत, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात, टाकू नका. जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून ठेवा, नाहीतर दोन फूट खोल पुरा. शेजाऱ्यांचे मांडव असतील तर त्यांनाही हे करायला लावा, कारण माशी बांध ओळखत नाही.

कारली आणि पडवळ फळ धरल्याबरोबर पिशवीत घालता येतात. वर्तमानपत्र पावसात टिकत नाही, बारीक जाळीच्या कापडाच्या पिशव्या शिवा, त्या धुऊन पुन्हा वापरता येतात. सगळ्या मांडवाला नाही जमलं तरी बियाण्यासाठी राखलेल्या फळांना घालाच.

आणि बोटभर गळणारी शिराळी वेगळी कापून बघा. आत अळी नसेल, सालीला टोचल्याची खूणही नसेल, तर ते परागीकरण न झाल्याचं लक्षण आहे. शिराळीचं फूल संध्याकाळी उमलतं, आणि नेमका तेव्हा पाऊस असला की कीटक फिरकत नाहीत. उघडीप मिळेल त्या संध्याकाळी नरफूल तोडून मादीफुलावर फिरवा.

धागाकर्ता :
माशा बघितल्या, जवळजवळ सगळ्या स्वच्छ पंखांच्या. गळलेल्या शिराळ्यांतही बऱ्याच बिनअळीच्या निघाल्या. क्यू ल्यूरच्या वड्या मागवतो. रक्षक सापळे तोवर काढून टाकू का?

प्रतिसाद :
काढून पेरूला टांगा. क्यू ल्यूरला सापळा वेगळा ठेवा, दोन्ही वड्या एकाच डब्यात नकोत.