परक्या मैदानावरची मॅच : आपापले अनुभव सांगा

17 नोव्हेंबर 2015 ची रात्र मी मडगाव स्टेशनच्या बाकावर काढली. कोकणकन्या संध्याकाळीच निघून गेलेली, मांडवी एकदम सकाळी. मी, ऑफिसातला एक मित्र आणि त्याचा मामेभाऊ. तिघांच्या अंगात मुंबई सिटी या फुटबॉल क्लबच्या जर्सी आणि तिघांच्याही तोंडाला कुलूप. फतोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर एफसी गोवाने आम्हाला 7-0 धुतलं होतं. डुडूची हॅटट्रिक, हाओकिपची हॅटट्रिक. एकाच टीमच्या दोघांनी एकाच मॅचमध्ये हॅटट्रिक मारलेली बघायला नशीब लागतं म्हणतात. आम्ही मंगळवारची रजा टाकून ते नशीब काढायला गेलो होतो.

चौथ्या गोलनंतर आम्ही मोजणं सोडलं. पण पुढच्या रांगेतले एक काका दर गोलला मागे वळून आम्हाला बोटं दाखवत होते. सहाव्याला एक हात पुरेना, तेव्हा मांडीवरची टोपी बायकोकडे देऊन त्यांनी दुसरा हात मोकळा केला. बाहेर रस-ऑम्लेटच्या गाड्यावर गेलो. गाडेवाल्याने जर्सी बघितली, काही बोलला नाही, फक्त ताटलीत एक पाव जास्त ठेवला. ही माया होती की टोमणा, यावर मांडवी रत्नागिरीला पोचेपर्यंत आमचा वाद चालला होता.

तर धागा यासाठी. प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर जाऊन मॅच बघितली असेल तर लिहा. अट एकच, नुसता स्कोअर नको, तो कुठेही मिळतो. गेलात कसे, बसलात कुठे, परत आलात कसे ते सांगा. क्लब कुठलाही चालेल, देश कुठलाही चालेल. टीव्हीवर बघितलेलं चालणार नाही.

*

आम्ही पुणेकर. एफसी पुणे सिटी नावाचा एक क्लब होता, 2014 ते 2019. आता नाही. त्यामुळे आमच्या आठवणींवर नवा थर चढत नाही, आहेत त्याच पुसून वापरतो.

18 ऑक्टोबर 2014, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, पहिलीवहिली महाराष्ट्र डर्बी. युरो 2000 च्या फायनलमध्ये गोल्डन गोल मारणारा त्रेझेगे आमच्या संघात, त्यामुळे एक्स्प्रेसवेवर आमची गाडी जमिनीपासून चार बोटं वर चालली होती. फूडमॉलवर मुंबईची जर्सी घातलेला एक जण भेटला, त्याला मी स्वतःहून सांगितलं, "वाईट वाटून घेऊ नका हं." पुढे काय झालं ते नोंदीत आहे. मुंबई 5, पुणे 0. आंद्रे मोरित्झची हॅटट्रिक, अख्ख्या आयएसएलमधली (इंडियन सुपर लीग) पहिली. आमच्या खर्चाने.

परतीच्या वाटेवर एक सोय झाली. दुसऱ्या दिवशी विधानसभेची मतमोजणी होती. खालापूरच्या टोलनाक्यापासून तळेगावपर्यंत पाच माणसं स्पष्ट बहुमत या एकाच विषयावर बोलत होती. त्यातल्या दोघांनी तर मतदानही केलं नव्हतं.

*

(धागाकर्ता) 0-5 वाल्यांना 0-7 वाल्याकडून सहानुभूती. फूडमॉलवरचा तो मी नव्हे.

*

माझा अनुभव कोचीचा. ऑफिसच्या कामाला गेले होते आणि शुक्रवारी, 28 ऑक्टोबर 2022 ला, केरला ब्लास्टर्स विरुद्ध मुंबई सिटी. हॉटेलातून निघताना निळी जर्सी घातली आणि वर जॅकेट. कोचीत जॅकेट! मेट्रोत चढले तर डबा नखशिखांत पिवळा. आजीबाई पिवळ्या, कडेवरचं पोर पिवळं, गालांवर पिवळे पट्टे. स्टेडियमचं स्टेशन मैदानाच्या अगदी दाराशी आहे, त्यामुळे तुम्ही उतरत नाही, ओतले जाता. समोर उभी असलेली एक मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली आणि कपाळावरून घामाच्या धारा. शेवटी तिने इंग्रजीत विचारलं, "आत कुठला रंग आहे?" मी दोन बोटं चेन खाली घेतली. ती खो खो हसली आणि म्हणाली, काढून टाक, उकडून मरशील.

मग जॅकेट पिशवीत. गेटपर्यंत ती आणि तिच्या तीन मैत्रिणी माझ्या चारी बाजूंनी चालल्या. कुणी काही करणार होतं असं नाही, टोमणेच होते, आणि मल्याळममधले टोमणे न कळल्याने मी हसून दाद देत होते. आम्ही 2-0 जिंकलो. दुसरा गोल पेरेरा दियासचा, जो आदल्या सीझनला यांच्याच पिवळ्या जर्सीत खेळला होता. त्या क्षणी त्या मुलीचा चेहरा कसा झाला असेल एवढंच माझ्या डोक्यात. नंबर घेतला नव्हता. घ्यायला हवा होता.

*

आमच्याकडं कोल्हापुरात अवे ग्राउंड ही भानगडच न्हाई. सगळ्या तालमींना, म्हंजे आमच्या फुटबॉल टीमांना, मैदान एकच, शाहू स्टेडियम. पण गॅलरी वेगळ्या. आणि समोरच्या गॅलरीत जाऊन बसणं म्हंजे पासपोर्ट न घेता सीमा ओलांडणं.

मी शिवाजी पेठेतला. लग्न झालं आणि सासुरवाडी निघाली मंगळवार पेठ. पहिल्याच सीझनला शिवाजी विरुद्ध पाटाकडील, म्हंजे आमची टीम विरुद्ध सासुरवाडीची. मेव्हणा दारात गाडी घेऊन हजर, "दाजी, चला." मला वाटलं, सोडंल आमच्या बाजूला. न्हेलं सरळ पाटाकडीलच्या गॅलरीत, मधोमध. डाव्या बाजूला सासऱ्याचे मित्र, उजव्या बाजूला गल्लीतली पोरं, मागं हलगी. समोर, मैदानापलीकडं, माझी सगळी गल्ली. लांबून आमच्यातला एकजण हात करतोय असं वाटाय लागलं. मी मान खाली घालून शेंगा सोलत बसलो.

मनाशी ठरवलंवतं, काय बी होऊ दे, हलायचं न्हाई. शेंगांचा पुडा दोन्ही गुडघ्यांत दाबून धरलेला. दुसऱ्या हाफात आमच्या पोरानं डावीकडनं बॉल काढला, एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं आणि मारला जाळीत. पुढचं मला आठवत न्हाई. मेव्हणा सांगतो, मी उभा ऱ्हाऊन दोन्ही हात वर केले आणि शेंगा पाऊस पडल्यागत चार रांगांवर गेल्या. हलगी थांबली. सगळी गॅलरी माझ्याकडं. मेव्हण्यानं पटकन उठून हात जोडले, "जावई हाय आमचा. नवीन हाय."

एक म्हातारं डोक्यावरची टरफलं झाडत म्हणालं, "जावई हाय म्हणून सोडलं. बस खाली."

बायकोला हे मी सांगितलं न्हवतं. घरी पोचायच्या आधी पोचलंवतं.

*

वरचं वाचून चहा सांडला. शेंगांचे पैसे कोण देणार?

*

बेंगळुरूच्या कांतीरवाला जाणाऱ्यांसाठी : मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक आहे, त्यामुळे खेळाडू लांब वाटतात. चष्मा विसरू नका. यापेक्षा सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, मॅच 0-0 झाली.

*

थोडी तक्रार. कुठलं मैदान ते सांगत नाही. गेटवर पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या, ते समजू शकतो. झेंड्याची काठी घेतली, तेही ठीक. पण ढोल आत सोडला आणि ढोलाच्या टिपऱ्या बाहेर ठेवल्या. नव्वद मिनिटं आम्ही चपलेने ढोल वाजवला. मॅच संपल्यावर पाहुण्यांना अर्धा-पाऊण तास आत बसवून ठेवतात, बाहेरची गर्दी पांगेपर्यंत. त्याला हरकत नाही, सुरक्षेचीच गोष्ट आहे. पण दिवे घालवू नयेत हो! अंधारात अठरा माणसं आणि एक चप्पल न सापडणारा ढोलवाला.

*

सध्या इंग्लंडमध्ये आहे म्हणून तिकडचं. तिथे पाहुण्यांचं तिकीट मिळवणं हीच खरी यात्रा. क्लबकडे तुमच्या आधीच्या दौऱ्यांची नोंद असते, जो जास्त फिरला त्याला आधी तिकीट. म्हणजे तिकीट मिळायला आधी तिकीट मिळालेलं असावं लागतं. नोकरीला अनुभव मागतात तसं. एक बरं केलंय, प्रीमियर लीगमध्ये 2016-17 पासून पाहुण्यांच्या तिकिटाला 30 पौंडांची कमाल मर्यादा आहे.

ऑफिसातल्या एकामुळे मला न्यूकॅसलचं तिकीट मिळालं. सेंट जेम्स पार्क गावाच्या मधोमध आहे, शोधावं लागत नाही. पण पाहुण्यांची जागा सर्वात वरच्या मजल्यावर, चौदा जिने. मी पर्वती चढून वाढलेला माणूस, पहिले सहा जिने शीळ घालत गेलो. नवव्याला एक ब्रिटिश आजोबा कठड्याला टेकून उभे होते. म्हणाले, दरवर्षी इथे थांबतो, दरवर्षी वाटतं पुढच्या वर्षी यायचं नाही. आम्ही दोघं एकत्र वर गेलो. वरून खेळाडू म्हणजे कॅरमच्या सोंगट्या, पण आख्खा पट दिसतो. कोण कुठे मोकळा आहे ते आपल्याला त्याच्याआधी कळतं. टीव्हीवर हे कधीच दिसत नाही, तिथे कॅमेरा बॉलच्या मागे पळतो. आम्ही हरलो. आजोबा उतरताना जिने मोजत होते.

*

जिन्यांवरून आठवलं. इंग्लंडातल्याच ल्यूटनच्या केनिलवर्थ रोड मैदानाला पाहुण्यांचं गेट चक्क घरांच्या रांगेतून आहे. आत शिरून लोखंडी जिना चढताना खाली लोकांची परसं दिसतात. गिरगावातल्या चाळीच्या मागच्या जिन्यावरून मॅचला गेल्यासारखं वाटलं.

*

बँकेच्या बदलीने कोलकात्यात होतो. 15 एप्रिल 2024 ला सॉल्ट लेकवर मोहन बागानने मुंबईला 2-1 हरवून लीग शील्ड (साखळीत पहिल्या येणाऱ्याची ढाल) नेली, तेव्हा तिथे होतो. 4 मे ला फायनल, तेच दोन संघ, तेच मैदान. पुन्हा गेलो. घरच्यांनी विचारलं, हौस फिटली नाही का.

अधिकृत आकडा 62,007. त्यात आम्ही म्हणजे तांदळातले खडे. मध्यंतराच्या तोंडावर कमिन्सने गोल मारला तेव्हा आवाज कानाला नाही, तळपायाला लागला. सिमेंट हलत होतं. मध्यंतरात शेजारच्या माणसाने न विचारता झालमुरीचा ठोंगा पुढे केला. जिंकणाऱ्यांचं मन मोठं असतं.

नंतर दियासने बरोबरी केली. 81 व्या मिनिटाला बिपिन. आणि भरपाई वेळेच्याही शेवटी व्होयतुश, 3-1. त्या तिसऱ्या गोलनंतर मला मैदानावरच्या आमच्या खेळाडूंचं ओरडणं ऐकू आलं, शब्दन् शब्द. साठ हजारांच्या मैदानात! मी ठोंगा परत द्यायला वळलो तर शेजारची खुर्ची रिकामी. झालमुरी अर्धी शिल्लक होती. मी संपवली.

*

धागाकर्त्या, तुम्ही 7-0 शेवटपर्यंत बसून बघितलीत, तुम्हाला दंडवत. मी फतोर्ड्यालाच काय केलं ते आजवर चार लोकांना सांगितलंय, आता सगळ्यांना सांगतो.

24 एप्रिल 2024. गोवा विरुद्ध मुंबई, सेमीफायनलच्या दोन मॅचमधली पहिली. गोवा 2-0 पुढे. बोरिस सिंगचा एक, ब्रँडनचा एक. आमच्याकडून काही घडेल असं वाटत नव्हतं. 86 व्या मिनिटाला मी मित्रांना म्हटलं, मी स्कूटर काढतो, नंतर गर्दीत अडकू. ते म्हणाले, बस की. मी म्हटलं, काय बघायचं राहिलंय?

भाड्याची स्कूटर, सगळ्या पांढऱ्या, नंबर लक्षात नाही. एकेका स्कूटरला चावी लावून बघत होतो. आतून आवाज आला, अगदी बारीक, एका कोपऱ्यातून. गोलचा आवाज असा नसतो. घरच्यांनी गोल केला तर भिंती हलतात, हे आपल्याला माहीत असतं. मला वाटलं कुणाची तरी भांडणं लागली. मिनिटभराने पुन्हा तोच बारीक आवाज, त्याच कोपऱ्यातून, आणि आता बाकीचं मैदान एकदम गप्प. तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. तो कोपरा आमचा होता.

फोन काढला. 2-2. छांगते 90 व्या मिनिटाला, विक्रम प्रताप त्याच्या पुढच्याच मिनिटाला.

पळत गेटवर. गेटवर केशरी पट्टा गळ्यात घातलेला एक रखवालदार, खुर्चीत बसून मोबाइलवर मॅच बघत होता. मी तिकीट दाखवलं. त्याने मान हलवली, "भायर गेल्यार परत भितर ना." खरंय, तिकिटावर तसं छापलेलंच असतं. मी म्हटलं, भाऊ, पाच मिनिटं राहिलीत. तो म्हणाला, "तुवें कित्याक भायर सरपाचें?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग त्याने मोबाइल थोडा माझ्याकडे वळवला. आम्ही दोघं त्या बोटभर पडद्यावर वाकलो. त्याच्या फोनवर चित्र मागे होतं, आतलं आधी घडत होतं. त्यामुळे झालं असं की पडद्यावर बॉल अजून अर्ध्या मैदानात आणि भिंतीपलीकडून तो बारीक आवाज तिसऱ्यांदा आला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. पडद्यावर छांगतेला अजून पाय घालायचा होता, पण आम्हा दोघांना कळून चुकलं होतं.

त्याने शेवटचं चित्र न बघताच मोबाइल खिशात घातला, उठला आणि गेटची कडी काढली.

"वच आतां," म्हणाला.

मी आत शिरलो तेव्हा अख्खं फतोर्डा बाहेर येत होतं.