गुडघा बदलायचाय, आमवाताच्या गोळ्या बंद करायच्या का?

मिरजेची_लेक:
आईच्या (वय ६८) डाव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट पुढच्या महिन्यात आहे. जुना आमवात आहे. दर रविवारी मेथोट्रेक्सेट १५ मि.ग्रॅ., रोज एचसीक्यू (हायड्रॉक्सिक्लोरोक्विन) २०० आणि प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) ५. सर्जन म्हणतात, "सगळं पंधरा दिवस आधी बंद, नाहीतर जखम भरणार नाही." ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (संधिवाततज्ज्ञ) मॅडम म्हणतात, काहीच बंद करू नका. आई म्हणते, आधी दोघं ठरवा, मग मला चिरा. कुणाचं ऐकू?

निवृत्त_ओटीसिस्टर:
आई शहाण्या आहेत हो! पूर्वी सगळं थांबवायचीच पद्धत होती, मीच पेशंटना तसं सांगायचे. आता अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या आणि सांधेबदल सर्जनांच्या संघटनांनी मिळून सूचना काढल्यात, २०१७ च्या, २०२२ मध्ये सुधारलेल्या. त्यांत मेथोट्रेक्सेट, एचसीक्यू, सल्फासालाझिन नेहमीच्या डोसात चालूच ठेवायला सांगितलंय. बंद केलं की सांधे भडकतात, मग गुडघा नवा पण वॉकर धरायला मनगटं साथ देत नाहीत. ताप, जंतुसंसर्ग किंवा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा मॅडमना लगेच विचारा.

प्रेडनिसोलोन मात्र आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही म्हणजे नाही. बरीच वर्षं घेतलं की शरीर स्वतःचं स्टिरॉइड पुरेसं बनवत नाही, आणि ऑपरेशनच्या ताणात बीपी कोसळू शकतं. त्या दिवशी सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर कधी घ्यायची, हे भूलतज्ज्ञांना विचारा. मानेचंही त्यांना सांगा. आमवातात मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात, भुलीसाठी घशात श्वासाची नळी घालताना ते माहीत असलेलं बरं.

आणि केसपेपरवर मेथोट्रेक्सेटपुढे "फक्त रविवारी" असं ठळक लिहून घ्या. वॉर्डात ती गोळी चुकून रोज गेली तर जिवावर बेततं.

सांधेदुखी_क्लब:
माझं अडॅलिमुमॅबचं इंजेक्शन आहे, दर दोन आठवड्यांनी. अशा बायोलॉजिक (जैविक) औषधांचं गणित निराळं. एक डोस गाळून, शेवटच्या डोसनंतर तिसऱ्या आठवड्यात माझं ऑपरेशन ठेवलं. टाके निघाले, जखम कोरडी, लाली नाही, हे बघूनच पुन्हा सुरू केलं, साधारण दोन आठवड्यांनी. टोफासिटिनिब (आमवाताचीच एक गोळी) घेणाऱ्यांची गोळी तीन दिवस आधी थांबवतात.

मिरजेची_लेक:
धन्यवाद. मॅडमची चिठ्ठी सर्जनना दाखवते, दोघांचं फोनवर बोलणंही करून देते. आई अधूनमधून नेप्रोक्सेन (वेदनाशामक) घेते आणि गावाकडच्या एकांची औषधाची पुडीही. पुडीचं सांगायला तिला लाज वाटते.

निवृत्त_ओटीसिस्टर:
नेप्रोक्सेनने रक्तस्राव वाढू शकतो, किती दिवस आधी सोडायचं ते सर्जन सांगतील. लाज घरी ठेवा आणि पुडी घेऊन जा. अशा पुड्यांत कधीकधी स्टिरॉइड मिसळलेलं निघतं. म्हणजे रोजच्या ५ च्या वर किती जातंय, कुणालाच ठाऊक नाही. ती दाखवल्याशिवाय तीही एकदम बंद करू नका.