पुण्यातले खून-मारामाऱ्या खरंच कमी झाल्यात का? आकडे वाचणाऱ्यांनी लिहा

कात्रणपेटी
माळ्यावरची जुनी कात्रणं आज खाली काढली. सगळ्यात वर २०१८ चं होतं: १५ ऑगस्टपासून पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय. ते वाचून वर्षअखेरीच्या 'शहरात गुन्हे घटले' या बातम्या आठवल्या. म्हणून धागा. आकडा हातात आला की तुम्ही आधी काय तपासता ते लिहा. नुसतं 'वाढलंय हो' किंवा 'घटलंय हो' नको.

सुरुवात हद्दीपासून. २०१८ नंतर पुणे आयुक्तालयातून पिंपरी-चिंचवडची ठाणी बाहेर गेली. २०२१ मध्ये ग्रामीणकडची लोणी काळभोर आणि लोणीकंद शहरात आली. २०२४ मध्ये वाघोली, खराडी, फुरसुंगी, काळेपडळ, आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर अशी सात नवी ठाणी जुन्यांच्या हद्दी तोडून झाली. त्यामुळे २०१७ चं 'पुणे' आणि २०२५ चं 'पुणे' एकमेकांशेजारी ठेवायचं असेल तर दोनच मार्ग: एक तर पुणे अधिक पिंपरी-चिंचवड अशी बेरीज करा, नाहीतर २०१९ च्या आधीची वर्षं सोडून द्या. एकट्या हडपसर ठाण्याचा आकडा कमी झाला यावर तर काहीच ठरवू नका, आधी हद्द कुठे गेली ते बघा.

चौकी ते कोर्ट
चांगला धागा. कुकर लावलाय, तुकड्यात लिहितो.

हद्दीनंतर कलम. हाताबुक्क्यांनी मारलं तर भादंवि ३२३, आता बीएनएस (१ जुलै २०२४ पासून भादंविच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता) ११५(२). अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत. तिलाच एनसी म्हणतात. एनसी वेगळ्या वहीत जाते, एफआयआरच्या बेरजेत येत नाही. तीच मारामारी दांडक्याने किंवा कोयत्याने झाली तर ३२४, आता ११८(१). दखलपात्र. आता 'हातात काय होतं' हे फिर्यादीत कसं लिहिलं गेलं त्यावर एक पूर्ण गुन्हा आकडेवारीत येतो किंवा गायब होतो. तक्रार सौम्य करून लिहून घेण्याला खात्यात 'बर्किंग' म्हणतात. ललिता कुमारी निकालाने (२०१३) दखलपात्र तक्रारीवर एफआयआर बंधनकारक केला खरा, पण ती दखलपात्र आहे का हे ठरतं पहिल्या पानावर.

म्हणून दुखापतीचा आकडा घटला की लगेच एनसीचा आकडा मागा. एक उतरला आणि दुसरा तेवढाच चढला, तर मारामाऱ्या तेवढ्याच आहेत, फक्त वही बदलली.

मुळाकाठ
+१. एनसीचा आकडा पत्रकार परिषदेत कधीच का नसतो?

चौकी ते कोर्ट
कुणी विचारत नाही म्हणून. माहिती अधिकारात मिळतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत आलं नाही तर पहिलं अपील. 'सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका, त्याने नकार येतो. 'अमुक ठाणे, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर, नोंद झालेल्या अदखलपात्र तक्रारींची महिनावार संख्या' एवढंच लिहा.

वर्गमूळ
मी फक्त खून धरतो. मृतदेह लपवणं अवघड, म्हणून बाकी कशाहीपेक्षा हा आकडा कमी हलवता येतो. पण संख्या लहान असते, आणि तिथेच सगळे फसतात.

समजा एका वर्षी १०० खून, पुढच्या वर्षी ८६. मथळा येणार '१४ टक्क्यांनी घट'. दोन वर्षांच्या फरकात नुसत्या योगायोगाने किती चढउतार होतो? दोन्ही आकड्यांची बेरीज १८६, तिचं वर्गमूळ साधारण १३.६. तुमचा फरक १४. म्हणजे काहीही न बदलतासुद्धा एवढा फरक पडू शकतो. वर्गमूळाच्या दुप्पट, म्हणजे २७ च्या पुढे गेला तर मी लक्ष देतो. तीन-तीन वर्षांच्या बेरजा घेतल्या तर ३०० आणि २५८, फरक ४२, वर्गमूळ २३.६. तरी दुप्पट होत नाही, पण आता बोलण्यासारखं काहीतरी आहे.

अपघात विभाग
वर्गमूळ यांच्याशी सहमत, पण एकटा खून धरू नका. खून आणि खुनाचा प्रयत्न (३०२ अधिक ३०७, आता १०३ अधिक १०९) एकत्र धरा. पोटात तोच वार, तेवढाच खोल. माणूस लवकर टेबलावर आला, रक्त मिळालं, तर ३०७. वाहतुकीत अडकला तर ३०२. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे, शस्त्रक्रिया सुधारल्या. खून कमी आणि प्रयत्न जास्त असं दिसलं तर ते श्रेय कदाचित डॉक्टरांचं आहे, शहर शांत झालेलं नाही.

दुसरं, गंभीर दुखापतीची व्याख्याच बदलली. भादंवि ३२० मध्ये तीव्र वेदना २० दिवस लागत, बीएनएस ११६ मध्ये १५ दिवस. १ जुलै २०२४ नंतर तीच जखम 'साधी'तून 'गंभीर'मध्ये जाऊ शकते. ही रेघ तक्त्यात आखा, नाहीतर उगाच वाढ दिसेल.

गौरीची आई
डॉक्टर, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. जे वाचतात त्यांच्या घरच्यांचं पुढचं वर्ष कुणी मोजत नाही हो.

अपघात विभाग
खरंय ताई. म्हणून रुग्णालयाचा आकडा पोलिसांच्या आकड्याशेजारी ठेवायला हवा. मारहाणीचा रुग्ण आला की एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण) म्हणून नोंद होते, तो पुढे फिर्याद देवो न देवो. वेल्समधल्या कार्डिफ शहरात रुग्णालयातून नाव वगळून तीनच गोष्टी घेतात: कुठे मारलं, कधी मारलं, कशाने मारलं. त्यावरून पोलीस गस्त ठरवतात. आपल्याकडे ससून रुग्णालयाच्या एमएलसी रजिस्टरमधून 'मारहाण' आणि 'धारदार शस्त्र' असे दोन आकडे वर्षवार निघाले तरी पोलिसांचा आकडा लगेच पडताळता येईल.

हरभरा
एडीआर राहिलं. अकस्मात मृत्यूची नोंद, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं १७४, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं १९४. ओळख न पटलेला देह आधी इथे येतो. शवविच्छेदनात गळा दाबल्याचं निघालं तर मग खुनाचा गुन्हा, कधी पुढच्या वर्षाच्या नंबरात. म्हणून डिसेंबरचा खुनाचा आकडा जानेवारीत कधीच पक्का नसतो. मार्चनंतर घ्या.

आणि ३०४, आता १०५, सदोष मनुष्यवध. खून घटले आणि हे वाढले तर दोन्ही एकत्र करून बघा.

कॅम्पातली
गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) हा आकडा पडताळायचा आडवा पण सोपा मार्ग. प्रत्येक ठाण्याचा नंबर १ जानेवारीला १ पासून सुरू होतो. ३१ डिसेंबरचा शेवटचा नंबर म्हणजे त्या ठाण्याचे त्या वर्षीचे एकूण एफआयआर. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एफआयआर संकेतस्थळावर टाकतात. लैंगिक गुन्हे आणि पॉक्सो त्यात नसतात. म्हणजे नंबरांमध्ये मोकळ्या जागा दिसतील, ते लपवलेलं नव्हे.

मुळाकाठ
माझ्या फोनवर ती पीडीएफ उघडतच नाही 😔 सगळे चौकोन.

कॅम्पातली
फाइल उतरवून दुसऱ्या वाचकात उघडा, ब्राउझरमध्ये नको. छापील प्रत हवी तर फिर्यादीला ठाण्यातून फुकट मिळते, मागा.

वकीलवाडा
जबरी चोरी. इथे मोठा घोळ होणार आहे. साखळी ओढली की काही ठाणी ३९२ (जबरी चोरी) लावायची, काही ३७९ (साधी चोरी). बीएनएसमध्ये 'हिसकावणे' हे वेगळं कलम आलं, ३०४. तिथे गेलेल्या केसेस जबरी चोरीतून वजा होतील. 'जबरी चोऱ्या निम्म्यावर' असा मथळा आला की ३०४ चा आकडा त्यात मिळवा. (जुनं ३०४ म्हणजे सदोष मनुष्यवध, नवं ३०४ म्हणजे हिसकावणे. कृपा करून वर्ष लिहून मगच कलम लिहा.)

वर्गमूळ
एनसीआरबीचे (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) आकडे वाचणाऱ्यांसाठी: एका एफआयआरमध्ये घरात घुसणं, मारहाण आणि खून असेल तर मोजला जातो फक्त खून. आणि तिघांना मारलं तरी एफआयआर एक असेल तर केस एक. बळींचा रकाना वेगळा असतो, तो बघा.

दादर टीटी
मुंबईचं पण लिहितो, चालेल ना? 'दर लाख लोकसंख्येमागे मुंबई सुरक्षित' म्हणतात तेव्हा भाजक बघा. एनसीआरबी २०११ च्या जनगणनेचा महानगर समूह घेते, १ कोटी ८४ लाख. त्यात ठाणे, नवी मुंबई वगैरे. बृहन्मुंबई महापालिकेची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. गुन्हे फक्त मुंबई आयुक्तालयाचे आणि भाजक सगळ्या समूहाचा असेल तर दर सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसतो. पुण्याचा समूह ५०.५ लाख, त्यात पिंपरी-चिंचवड धरलेलं. नुसती पुणे मनपा ३१.२ लाख. २०१८ नंतरच्या तक्त्यात ५०.५ च दिसला तर वरचा आकडा कुठल्या हद्दीचा आहे ते आधी शोधा.

कात्रणपेटी
चालेल म्हणजे काय, हे तर मला धाग्याच्या सुरुवातीलाच हवं होतं!

कोंढवेकर
कोयता. शस्त्र अधिनियम ४ सह २५, आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम ३७(१)(३) सह १३५ (हत्यारबंदीचा आदेश मोडणं), या केसेस वाढल्या म्हणजे हिंसा वाढली असं नाही. नाकाबंदी केली की त्या वाढतात. हा पोलिसांच्या कामाचा आकडा आहे. तडीपारी, एमपीडीए (स्थानबद्धता), मोक्का (संघटित गुन्हेगारी) यांचंही तेच.

उलट गल्लीतल्या २० गाड्यांच्या काचा फोडल्या तर जुनं ४२७ (मालमत्तेचं नुकसान) होतं अदखलपात्र. दहशतीसाठी क्रिमिनल लॉ अमेंडमेंटचं कलम ७ लावलं तर दखलपात्र. पण 'शरीराविरुद्धचे गुन्हे' या रकान्यात ते येतच नाही. लोक घाबरतात ते याला, आणि तक्ता म्हणतो शहर शांत.

वकीलवाडा
त्यात पोरं १६-१७ ची. ३०७ ला किमान शिक्षा नाही, म्हणून २०२० च्या शिल्पा मित्तल निकालानुसार तो 'निर्घृण' गुन्हा धरत नाहीत, 'गंभीर' धरतात. प्रौढ म्हणून खटला चालवायचा प्रश्नच येत नाही, बाल न्याय मंडळापुढेच. विधीसंघर्षग्रस्त बालकांचा (१८ वर्षांखालच्या आरोपींचा) तक्ता वेगळा मागा.

गौरीची आई
बलात्काराच्या नोंदी वाढल्या की 'पुणे बिघडलं' म्हणू नका, एवढं माझं. २०१३ च्या दुरुस्तीने व्याख्या रुंदावली, तक्रार न घेणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा आली, पॉक्सो त्याच्या आधीच्या नोव्हेंबरपासून. बाई ठाण्यापर्यंत पोचली म्हणून आकडा वाढतो. आणि जुनी घटना आज नोंदवली तर ती आजच्या वर्षात मोजतात.

हरभरा
२०२० आधारवर्ष धरू नका कुणी. टाळेबंदीत रस्त्यावरचे गुन्हे पडले, आणि सरकारी आदेश मोडल्याच्या (भादंवि १८८) केसेसनी देशाची एकूण बेरीज २८ टक्क्यांनी फुगली. 'एकूण गुन्हे' हा आकडा मी बघतच नाही.

कात्रणपेटी ताई, कात्रणांवर सेलोटेप असेल तर ओढू नका, कागद फाटतो. गोंदाने चिकटवलेली तशीच ठेवा, उन्हात नको, आधी फोटो काढून घ्या.

कात्रणपेटी
फोटो काढतेय. तक्त्याचे रकाने असे धरले: वर्ष, हद्द, (खून + सदोष मनुष्यवध + खुनाचा प्रयत्न), दुखापत, एनसी, जबरी चोरी, एमएलसी. २०१९ पासून, पुणे आणि पिंपरी-चिंचवड एकत्र.

वकीलवाडा
जबरी चोरीशेजारी हिसकावण्याचा रकाना जोडा. आणि २०२४ एका ओळीत नको, जून अखेर आणि जुलैपासून अशा दोन ओळी.

कात्रणपेटी
केल्या.