कंबर धरल्याला २३ दिवस झाले, परत धावायला कधी लागू? अनुभव हवे आहेत (नागपूर)

नमस्कार मंडळी,

वय ४४, राहणार रविनगर, नागपूर. नऊ वर्षं धावतोय. आठवड्यातले पाच दिवस, मिळून ४५ ते ५० किलोमीटर. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हाही साडेचारला निघून सहाच्या आत घरी येतो, पण सोडत नाही. इतक्या वर्षांत पोटरी दुखली, नखं काळी पडली, एकदा टाचेने दोन महिने छळलं. कंबर मात्र कधी मध्ये आली नव्हती. त्यामुळे हे दुखणं मला नवीन आहे आणि मी घाबरलो आहे. ज्यांची कंबर अशी अचानक धरली आणि जे त्यानंतर पुन्हा धावायला लागले, त्यांचं ऐकायचं आहे.

झालं ते असं. दिवाळीनंतरचा रविवार होता. १६ किलोमीटरचा बेत होता. फुटाळा तलावावरून निघायचं, तेलंगखेडी, सेमिनरी हिल्सचा चढ, जपानी गार्डन, वॉकर्स स्ट्रीट आणि परत. नागपूर सपाट, चढाचा सराव करायचा तर आम्हाला सेमिनरी हिल्सशिवाय पर्याय नाही. चढ संपला, बुटाची लेस सुटली म्हणून थांबून खाली वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. कमरेत उजवीकडे कोणीतरी पाना लावून आवळावं तसं झालं. वर येता येईना, खाली बसता येईना, श्वाससुद्धा अर्धाच आत जात होता.

इथे एक गोष्ट सांगावी लागेल, कारण माझ्या प्रश्नाचा निम्मा भाग तीच आहे. मी एकटा धावत नाही. माझ्या जोडीदाराला दिसत नाही. वय ३१, जन्मापासून अंध. गेली तीन वर्षं मी त्याचा गाईड आहे. एक हातभर दोरी, दोन्ही टोकांना फास, एक त्याच्या उजव्या हातात, एक माझ्या डाव्या. मी अर्धं पाऊल पुढे. बोलत राहायचं: ‘पुढे ब्रेकर’, ‘डावीकडे कुत्रं झोपलंय’, ‘आता रस्ता खडबडीत’. त्या दिवशी मी वाकलो तेव्हा दोरी हातातच होती. ती एकदम खाली ओढली गेली आणि मी काही बोलेना, म्हणून तो जागीच थांबला. “दादा, काय झालं? पडले का तुम्ही?” मला उत्तर द्यायला वेळ लागला, तेवढ्या वेळात त्याने चाचपत माझी पाठ शोधली आणि दोन्ही काखांत हात घालून मला उभं केलं. परत येताना मी त्याच्या खांद्यावर भार टाकला होता आणि त्याला रस्ता सांगत होतो. ऑटो मिळेपर्यंत आम्ही तसेच चाललो.

घरी आईने दारातच ओळखलं. “काऊन रे, असा वाकडा काऊन चालून राह्यला? उसण भरली तुले.” ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेक झाला. मग आई शेजारच्या काकूंना घेऊन आली. त्या पायाळू आहेत, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, आणि पायाळू माणसाचा पाय लागला की उसण उतरते यावर आईची श्रद्धा आहे. काकूंनी अवघडून, माझी माफी मागत तीनदा कमरेला पाय लावला. उसण उतरली नाही. पण आई रात्री शांत झोपली, आणि तिच्या शांत झोपण्याने मलाही बरं वाटलं. शेकाने मात्र खरोखर आराम पडला.

तिसऱ्या दिवशी एका डॉक्टरांकडे गेलो. दीड तास रांगेत, तोही उभ्यानेच, कारण बसणं सगळ्यात वाईट. आत गेल्यावर त्यांनी मला हात लावला नाही. धावता का, हो म्हणालो. एमआरआय काढून आणा म्हणाले. आणला. एल४-एल५ ला डिस्क बल्ज (म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली चकती थोडी बाहेर फुगलेली), नसेवर दाब नाही, असा रिपोर्ट. तो पाहून त्यांनी एवढंच सांगितलं की धावणं आता विसरा, पोहायला लागा, चाळिशीनंतर मणक्यांना हे झेपत नाही. मी बाहेर येऊन गाडीपाशी बराच वेळ उभा होतो. किल्ली लावायचं सुचत नव्हतं.

चार दिवसांनी एका ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, आणि त्यांचं तपासणं मी विसरणार नाही. रिपोर्ट त्यांनी बाजूला ठेवला. मला टाचांवर चालवलं, मग चवड्यांवर. झोपवून एकेक पाय सरळ वर उचलला आणि विचारलं की कळ गुडघ्याखाली जाते का. पायाचा अंगठा माझ्या जोरावर वर उचलायला लावून आपल्या बोटाने दाबून पाहिला. गुडघ्यावर आणि टाचेमागे हातोडीने ठोकलं. मग विचारलं: लघवी-संडासवरचा ताबा ठीक आहे ना? सायकलच्या सीटवर टेकतो त्या भागात बधिरपणा? चालताना चप्पल पायातून निसटते? ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं? यातलं काहीच नाही म्हटल्यावर म्हणाले, “मग हा मणका घाबरण्यासारखा नाही. यातलं एक जरी सुरू झालं तर मात्र सकाळ व्हायची वाट पाहू नका, रात्री दोन वाजले असले तरी मेडिकलला या.” (नागपूरबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे मेडिकल म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय.)

हे इथे मुद्दाम लिहितोय. तुमच्यापैकी कोणाला कंबरदुखीबरोबर यातलं काही होत असेल तर माझ्या धाग्यावर उत्तर लिहीत बसू नका, आधी रुग्णालय गाठा.

डिस्क बल्जबद्दल त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन वाचूनही पाहिलं. २०१५ साली आलेल्या एका मोठ्या आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या होत्या. विशीतल्या ३० टक्क्यांमध्ये बल्ज दिसला, चाळिशीतल्या ५० टक्क्यांमध्ये. म्हणजे माझ्या वयाचे दहा लोक उभे केले, ज्यांची कंबर कधीच दुखली नाही, तर त्यातल्या पाचांच्या फिल्मवर माझ्यासारखंच दिसेल. शिवाय २०१७ चा एक अभ्यास आहे, त्यात नियमित धावणाऱ्यांच्या चकत्या न धावणाऱ्यांपेक्षा जाड आणि जास्त पाणी धरून ठेवणाऱ्या आढळल्या. अर्थात त्यावरून धावणं हेच कारण असं ठामपणे म्हणता येत नाही, पण धावल्याने मणके झिजतात हे तर त्यातून नक्कीच दिसत नाही. पहिल्या डॉक्टरांनी रिपोर्टचा हा अर्थ सांगितला असता तर माझे चार दिवस वाचले असते. ते चार दिवस मी पलंगावर काढले, तेही चुकीचंच होतं. दुसरे डॉक्टर म्हणाले, एखादा दिवस पडून राहिलात तर ठीक, त्यापुढे पडून राहाल तितकी कंबर आखडेल. चाला. दहा मिनिटं, दिवसातून चारदा.

आता कारणाचं. लेस बांधताना कंबर गेली असं मी सगळ्यांना सांगतो, पण लेस बिचारी शेवटची. आदल्या दिवशी मी हॉलमधला कूलर माळ्यावर चढवला होता. टाकीतलं पाणी पूर्ण उपसलं नव्हतं, घाई होती, आणि शिडीवर वळून उचलला. त्याआधीचे तीन आठवडे अंतर वाढवत नेलं होतं: ४५, ५२, ६०. आणि दिवसाचे आठ तास ऑफिसात खुर्चीत. फिजिओथेरपिस्टने आणखी एक गोष्ट दाखवली. तीन वर्षं माझा डावा हात दोरीमुळे मोकळा हलत नाही, तो जोडीदाराच्या हाताच्या तालावर हलतो. मोकळा उजवा. तिच्या मते त्यामुळे मी धावताना एका बाजूला पिळला जातो आणि उजव्या कमरेवर जास्त काम पडतं. नितंबाचे स्नायूही उजवीकडे कमजोर निघाले.

व्यायाम तीन दिले आहेत: पाठ सरळ ठेवून डोकं जेमतेम उचलायचं, कोपरावर आडवं तोलायचं, आणि हात-गुडघ्यांवर राहून उलट हात-पाय लांब करायचे, ज्याला बर्ड डॉग म्हणतात. कॅनडातल्या स्टुअर्ट मॅगिल यांच्यामुळे हे तीन प्रसिद्ध झाले आहेत. तिसरा साधा दिसतो. माझ्या मुलीने पहिल्या दिवशी माझ्या कमरेवर तिची लाकडी पट्टी आडवी ठेवली. डावा हात आणि उजवा पाय लांब केला की पट्टी जागेवर. उजवा हात आणि डावा पाय लांब केला, म्हणजे भार उजव्या गुडघ्यावर आला, की पट्टी उजवीकडे घसरून खाली. दहातून दहा वेळा. आज २३ व्या दिवशी ती दहातून सहा वेळा राहते.

सध्याची स्थिती: चालणं ४० मिनिटं, दुखत नाही. सकाळी उठल्यावर पहिली पंधरा मिनिटं कंबर लाकडासारखी. मोजे घालताना अजून पाय उचलून भिंतीचा आधार. ऑफिसात दर अर्ध्या तासाने उठतो. पाय दुखत नाही, कळ खाली जात नाही. पाच दिवस गोळ्या होत्या, आता बंद. गोळी घेऊन धावून पाहू का, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनी साफ नाही सांगितलं. दुखणं झाकलं जातं, आणि घामाने शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या किडनीला त्रास देतात.

आता माझे प्रश्न. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन. आम्ही दोघं अर्ध्या मॅरेथॉनला नाव घालून बसलो आहोत, २१ किलोमीटर. माझं एकट्याचं असतं तर मी सोडून दिलं असतं, पुढच्या वर्षी बघू म्हटलं असतं. पण ही त्याची पहिली मोठी शर्यत आहे आणि हातात दोन महिनेच उरलेत. मी त्याला आजच दुसरा गाईड शोधायला सांगू का? की अजून थोडं थांबू? रस्त्यात १४ व्या किलोमीटरला माझी कंबर धरली तर तो अनोळखी गर्दीत अडकणार, त्याचं मला दुखण्यापेक्षा जास्त भय आहे.

दुसरं, आत जे दुखतं ते किती ऐकायचं? फिजिओ म्हणते धावताना दहापैकी दोन-तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळी आदल्या दिवसाइतकंच असलं तर पुढे जा, जास्त असलं तर मागे या. पण माझा दोन कोणता आणि चार कोणता? पाऊल टाकायच्या आधीच कंबर आवळून घेतो मी. हे दुखणं की भीती, हे तुम्ही कसं ओळखलंत?

आणि तिसरं विचारायला थोडं अवघड वाटतं. पहाटे साडेचारला जाग येतेच. घरात सगळे झोपलेले. त्या दोन तासांचं काय करता तुम्ही?

भर, सहा दिवसांनंतर: सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, एकेकाला उत्तर देता आलं नाही म्हणून माफ करा. जोडीदारापासून लपवू नका, असं बहुतेकांनी लिहिलं. त्याच दिवशी त्याला फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्याने आणि म्हणाला, “दादा, धावता नाही येत तर चालू. दोरी तर तीच हाय ना.” दुसऱ्या पहाटे फुटाळ्यावर भेटलो. नुसते चाललो, पाच किलोमीटर. पहाटेचं काय करायचं याचं उत्तर तेवढ्यात मिळालं.

काल फिजिओच्या सांगण्यावरून पहिल्यांदा धावलो. एक मिनिट धावणं, चार मिनिटं चालणं, असं पाच वेळा. दोन वेळा झाल्यावर मी म्हणालो, दुखत नाहीये. तो म्हणाला, “पण तुमचा उजवा पाय लवकर उचलून राह्यले तुम्ही. डाव्याचा आवाज लांब येते, उजव्याचा तुटक.” मला ते कळलंच नव्हतं. तिसऱ्या वेळी त्याने माझ्याऐवजी बोलायला सुरुवात केली: “टेकू द्या, टेकू द्या, हां आता बरोबर.” चौथ्या-पाचव्या वेळी दोन्ही पावलांचा आवाज सारखा येतोय असं म्हणाला. कंबर आवळली नाही. आज सकाळी लाकूड झालेली होती, पण कालच्याइतकीच.

तरी जानेवारीसाठी एक राखीव गाईड हवाच, हे आम्ही दोघांनी ठरवलं. नागपुरात कोणी असा असेल ज्याला अर्धी मॅरेथॉन दोन तास वीस मिनिटांच्या आसपास आरामात, गप्पा मारत पूर्ण करता येते, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. अनुभव नसला तरी चालेल, बोलत राहायची सवय हवी. रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही फुटाळ्यावर असतो. दोरी मी आणतो. पहिल्या दिवशी तुम्ही डोळे मिटून त्याचं टोक धरायचं आणि शंभर पावलं माझ्याबरोबर चालायचं, म्हणजे काय काय सांगावं लागतं ते आपोआप कळतं.